बुधवारचा खिमा-बटाटा

धाराशिव जिल्ह्यातल्या बऱ्याच हिंदू घरांत मटणाचा वार शोधायला बसलं, तर आठवडा भराभर संपतो. सोमवार महादेवाचा. मंगळवार आणि शुक्रवार आई तुळजाभवानीचे. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मध्येच एखादी एकादशी, चतुर्थी येऊन पडते ती वेगळी, आणि श्रावण नि नवरात्र तर सरळ वजाच. हाती राहतात दोन वार, रविवार आणि बुधवार. रविवारी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: सकाळी खाटकाच्या दुकानापुढे गर्दी, अकराच्या सुमाराला कुकरच्या शिट्ट्या, दुपारी रस्सा-भाकरी आणि मग झोप. बुधवार मात्र मोकळा असूनही कोरडाच जातो. फार तर अंडी, नाहीतर सुकट. कारण विचारलं तर लोक पैशाकडे बोट दाखवतात, आणि मटणाचे भाव पाहता ते अगदीच खोटं नाही. पण जे घर रविवारी किलोभर आणतं, त्याला तेच मटण दोन वारांत वाटून घेता येईल. तेवढ्यासाठी खर्च वाढवावा लागत नाही. बुधवारी आड येतं ते घड्याळ. शेतातून, शाळेतून, बँकेतून किंवा एसटीच्या डेपोतून सात वाजता घरी आलेल्या माणसाने मटण शिजत घालायचं आणि साडेनऊला ताटावर बसायचं, हे रोजच्या धबडग्यात जमत नाही. माझं म्हणणं असं की ही अडचण मटणाच्या तुकड्यामुळे येते. तुकड्याऐवजी खिमा घेतला, त्यात बटाटा घातला आणि दोन्ही एकाच पातेल्यात शिजवले, तर बुधवारी रात्री पाऊण तासात चार माणसांचं जेवण होतं, आणि खर्चही रविवारच्या वर जात नाही.

आधी तुकड्याला वेळ का लागतो ते पाहू. मांसाचे तंतू स्वतः लवकर शिजतात. ६५-७० अंश सेल्सिअसला त्यांचं काम झालेलं असतं. वेळ खातो तो त्या तंतूंना बांधून ठेवणारा पांढरट, चिवट भाग. त्यात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं, आणि ते मऊ पडून त्याचं जिलेटिन व्हायला उष्णता तर लागतेच, वर धीरही लागतो. जनावर जे अवयव जास्त वापरतं, म्हणजे खांदा, मान, पाय, तिथे हे कोलॅजन अधिक. जनावराचं वय वाढेल तसे त्याचे धागे एकमेकांत जास्त घट्ट गुंतत जातात. माळरानावर दिवसभर हिंडून चरणारी शेळी आणि दावणीला बांधून वाढवलेलं बोकड यांच्या मटणात फरक लागतो, त्यातला काही या हिंडण्याफिरण्याचाही असतो. त्यात धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर. तिथे उघड्या पातेल्यात पाणी १०० नाही, ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. फरक दिसायला किरकोळ, पण उघड्या पातेल्यातलं मटण आणखी थोडं रेंगाळतं. कुकर ही कोंडी फोडतो, कारण आतला दाब वाढला की पाण्याचं तापमान १२० अंशांच्या घरात जातं आणि कोलॅजन लवकर हार मानतं. तरीसुद्धा वाटण भाजा, वाटा, मटण परता, शिट्ट्या करा, वाफ जिरू द्या, मग रस्सा उकळा, या सगळ्याचा मेळ घालता दीड तास सहज जातो. रविवारी तो वेळ असतो. किंबहुना त्या वेळातच रविवारची अर्धी मजा असते.

खिमा करताना आपण नेमकं काय करतो, हे आकड्यांत पाहिलं की गोष्ट स्पष्ट होते. तीन सेंटिमीटर बाजूचा मटणाचा चौकोनी तुकडा धरू. त्याचा एकूण पृष्ठभाग ५४ चौरस सेंटिमीटर. हाच तुकडा तीन मिलिमीटरच्या कणांत कापला तर एक हजार कण होतात आणि त्यांचा पृष्ठभाग मिळून ५४० चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे दहापट. याचे परिणाम अनेक. उष्णता पृष्ठभागाकडून गाभ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या हिशेबाने बदलतो; जाडी दहाव्या हिश्शावर आली की तो वेळ शंभराव्या हिश्शाच्या आसपास येतो. मीठ-मसाला आत मुरण्याची वाट पाहावी लागत नाही, कारण ‘आत’ म्हणावं असं फारसं काही उरतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोलॅजनचे लांब पट्टे सुऱ्याने आधीच तोडलेले असतात. कुकर उष्णतेने जे काम करतो, ते खाटकाच्या मशीनने धारेने केलेलं असतं. म्हणूनच खिमा कुकरला लावण्यात फारसा अर्थ नाही. कुकरचा खरा उपयोग ज्यासाठी, ते काम झालेलंच आहे. वर बटाट्याचा लगदा होतो तो निराळा.

मांसाचा खिमा आणि बटाटा ही जोडी जगभर कामाच्या दिवसांचं जेवण म्हणून रुजली आहे, ती याच कारणांनी. इंग्लंडात खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन तो भट्टीत भाजतात. फ्रान्समध्ये अशाच पदार्थाला पार्मांतिए यांचं नाव आहे. अठराव्या शतकात फ्रेंचांना बटाटा खायला लावण्यासाठी झटलेले ते गृहस्थ. अमेरिकेत गाईचा खिमा, बटाटा आणि डब्यातलं घट्ट सूप एका खोलगट भांड्यात घालून ओव्हनमध्ये सरकवलं की संध्याकाळ निभावते. गोव्यात हीच जोडी पोटॅटो चॉप म्हणून भेटते, पण ती वळून, घोळवून, तळून काढायची असल्याने घाईच्या रात्री उपयोगाची नाही. यातला अमेरिकी पदार्थ जसाच्या तसा उचलून इथे आणता येत नाही, आणि का येत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. एक तर कायदा. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि गाईबरोबरच बैल नि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस-रेडा त्या बंदीत येत नाहीत. स्वस्त म्हणून ‘मोठ्याचं’, म्हणजे मोठ्या जनावरांचं, मांस खाणाऱ्या घरांचा हिशेब या बंदीने बदलला. ओव्हन ही दुसरी अडचण. तो बहुतेक घरांत नाही, आणि या पदार्थाला तो लागतही नाही. तिसरी अडचण आहे चरबीची, आणि चुलीपुढे उभं राहिल्यावर सगळ्यात आधी तिचीच गाठ पडते.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाईच्या खिम्यात चरबी ३० टक्क्यांपर्यंत असू शकते. त्यामुळे तिथल्या कृतींत खिमा परतून झाला की सुटलेली चरबी ओतून टाका, असं हमखास लिहिलेलं असतं. शेळीचं तसं नसतं. शेळीची चरबी मुख्यतः पोटात, गुर्द्याभोवती आणि आतड्यांभोवती साठते. स्नायूंच्या आत ती फारच कमी. निवडलेल्या शेळीच्या मांसात १०० ग्रॅमला चरबी दोन-तीन ग्रॅमच भरते आणि प्रथिनं २० ग्रॅमच्या आसपास. या जिल्ह्याच्या नावाची जी शेळी आहे, ती काळी, लोंबत्या कानांची, बहुधा जुळी देणारी उस्मानाबादी, तीही मुख्यतः मांसासाठीच पाळली जाते. (जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं, शेळी अजून उस्मानाबादीच आहे.) कमी पावसाच्या मुलखात, झाडपाला आणि काटेरी झुडपं ओरबाडून ती तगते, म्हणून भूमिहीन आणि अल्पभूधारक घरांना तिचा आधार. असं कमी चरबीचं मटण खिमा करून नुसतं परतलं तर दहा मिनिटांत त्याची वाळू होते. तेव्हा आपल्याकडे ओतून टाकायला काही नसतंच, उलट घालावं लागतं. खाटकाला सांगून खांद्याच्या मटणात गुर्द्याची थोडी चरबी टाकून घ्यावी, नाहीतर तेलाचा हात सढळ ठेवावा. करडईचं तेल घरात असेल तर फारच उत्तम. मराठवाड्याच्या जुन्या चवीत ते बसतं.

बटाट्याचं मोल इथे कळतं. त्याला लोक भर म्हणून हिणवतात, मटण कमी पडलं म्हणून घातलेला गडी समजतात. आधी पैशाचंच पाहू. मटण आता किलोला सातशेच्या पुढे गेलेलं आहे. रविवारी अर्धा किलो आणलं तर त्यात हाडाचा वाटा पाव ते एक तृतीयांश असतो, म्हणजे खाण्याजोगं मांस साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. खिमा हाडाविना येतो आणि दुकानदार त्याचा भाव थोडा चढाही लावतो, पण साडेतीनशे ग्रॅम खिम्यात तेवढंच मांस मिळतं. त्यात चारशे ग्रॅम बटाटा घातला की चार माणसांचं कालवण होतं. प्रथिनांचा हिशेब केला तर माणशी १५ ते २० ग्रॅम पडतात. ६० किलो वजनाच्या माणसाची दिवसाची गरज ५० ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे तिसरा हिस्सा एका जेवणात आला, भाकरीतलं निराळंच. पण बटाटा नुसती भर घालत नाही. त्यातला स्टार्च ६०-७० अंशांना फुगतो, खिम्यातून सुटलेला रस आणि तेल धरून ठेवतो, आणि कडेचा जो थोडा भाग विरघळतो त्याने रस्सा अंगाबरोबर येतो. कोरड्या खिम्याला जे कमी पडतं नेमकं तेच बटाटा देतो. कोलकात्याच्या बिर्याणीतल्या बटाट्यासाठी ताटावर भांडणं होतात. तिथे कोणी त्याला भर म्हणत नाही.

मिळून येण्यासाठी अमेरिकेत घट्ट सूपचा डबा वापरतात. मशरूमच्या मलईदार सूपचा असा डबा तिथे १९३४ मध्ये बाजारात आला आणि बघता बघता निम्म्या देशाच्या स्वयंपाकघरात सॉसची जागा त्याने घेतली. आपल्याकडे याच कामाची वस्तू त्याच्या कितीतरी आधीपासून डब्यात भरलेली आहे: येसर. धान्यं आणि डाळी खमंग भाजून, त्यात धणे, मिरची, गरम मसाला घालून दळलेलं हे पीठ लग्नाच्या पंगतीतल्या आमटीसाठी प्रसिद्ध आहे, पण त्याचा खरा गुण घाईच्या दिवशी दिसतो. वाटण करायला नको, खोबरं भाजायला नको. दोन चमचे येसर पाण्यात कालवून सोडलं की रश्शाला दाटपणाही येतो आणि चवही. धान्य आधीच भाजलेलं असल्याने कच्च्या पिठाचा वास येत नाही. भाजल्याने त्याची घट्ट करण्याची ताकद थोडी उतरते हेही खरं, म्हणून बेसनापेक्षा ते थोडं जास्त घालावं लागतं. येसर नसेल तर काळा मसाला आणि चमचाभर भाजलेलं ज्वारीचं पीठ चालून जातं.

आता प्रत्यक्ष कृती. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. पातेलं रुंद आणि जाड बुडाचं घ्यावं. चार चमचे तेल चांगलं तापलं की खिमा टाकून पसरावा आणि दोन-तीन मिनिटं त्याला हात लावू नये. हे ऐकायला सोपं, पाळायला कठीण, कारण आपला हात आपोआप उलथन्याकडे जातो. मांसात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. सतत ढवळलं, किंवा अरुंद भांड्यात खिम्याचा ढीग केला, की ते पाणी तळाशी साठतं आणि खिमा भाजण्याऐवजी त्या पाण्यात उकडतो, करडा पडतो. पाणी आटून तळ १४० अंशांच्या वर गेला तरच मांसातली प्रथिनं आणि साखर यांच्यात ती रासायनिक क्रिया होते जिच्यामुळे भाजल्याचा तपकिरी रंग आणि खमंग वास येतो. १९१२ मध्ये तिचं वर्णन करणाऱ्या मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव तिला मिळालं. आवाजावरूनही हे कळतं: पाणी आहे तोवर रटरट, पाणी सरलं की तेलाची चरचर. मीठही याच्या नंतर, कारण आधी घातलेलं मीठ पाणी ओढून बाहेर काढतं. चरचर सुरू झाली की खिमा एकदा उलटावा, कडेला सारावा, मोकळ्या जागेत दोन बारीक चिरलेले कांदे आणि आलं-लसणाचा गोळा परतून घ्यावा, मग हळद, दीड चमचा काळा मसाला, मीठ. यात दहा-बारा मिनिटं जातात. लगेच दोन-दोन सेंटिमीटरच्या बटाट्याच्या फोडी आणि बुडतील इतपत गरम पाणी. झाकण. मंद आच, पंधरा मिनिटं. दुसऱ्या शेगडीवर तवा ठेवून भाकऱ्या याच वेळात होतात.

टोमॅटो यात कुठे गेला, असा प्रश्न पडेल. तो बटाटा मऊ झाल्यावर. बटाट्याच्या पेशी एकमेकांना पेक्टिनने चिकटलेल्या असतात; शिजताना ते सैल होतं आणि फोड मऊ पडते. आंबट पाण्यात पेक्टिन लवकर सुटत नाही. म्हणून आधी टोमॅटो किंवा चिंच घातली की अर्धा तास शिजवूनही बटाटा दाताखाली कच्चट लागतो आणि दोष बटाट्याला जातो. फोडीत सुरी अडखळेनाशी झाली की एक चिरलेला टोमॅटो आणि पाण्यात कालवलेलं येसर घालावं, आणखी चार-पाच मिनिटं उकळी द्यावी, वर मूठभर कोथिंबीर. शेजारच्या लातूरमधल्या कास्तीच्या कोथिंबिरीला तर भौगोलिक मानांकन आहे. ती मिळाली तर वास दारापर्यंत येतो. झाकण ठेवून पाच मिनिटं तसंच राहू दिलं की रस्सा थोडा दाटतो. वरच्या भाजक्या थराची हौस असेल तर तीही पुरवता येते: रस्सा कमी ठेवायचा, फोडी पातळ चकत्या करून वर रचायच्या, आणि शेवटी झाकणावर निखारे किंवा दुसऱ्या शेगडीवर तापवलेला जड तवा ठेवायचा. पण ते बुधवारचं काम नव्हे.

यावर पहिला आक्षेप चवीचा येतो, आणि तो वजनदार आहे. मटणाची चव हाडात, नळीत, त्या चिकट रश्शात, असं म्हणणारा माणूस चुकत नाही. हाडं-सांध्यांतून सुटलेल्या जिलेटिनने रश्शाला जी गुळगुळीत घनता येते ती खिम्याने येणार नाही. पण खिम्याला भाजकेपणाची चव मिळते, आणि ती तुकड्याला तितकी मिळत नाही, कारण भाजायला त्याच्याकडे दहावा हिस्साच पृष्ठभाग असतो. दोन्ही चवी वेगळ्या. एकीच्या मापाने दुसरी मोजू नये. रविवारच्या रश्शाला हात लावा असं इथे कोणी सुचवत नाही. नळी चोखायला वेळ असेल त्या दिवशी नळीच हवी.

दुसरा आक्षेप संशयाचा: खिम्यात खाटीक काय घालतो कोणास ठाऊक. हा संशय सगळीकडे आहे आणि त्यावर उपाय एकच, खिमा समोर करून घेणे. तयार ढिगातला घ्यायचा नाही. खांद्याचा तुकडा निवडून, वरचे पांढरे पडदे आणि शिरा काढायला सांगून, तो तुकडाच धुऊन मग मशीनमध्ये घालायला लावायचा. खिमा झाल्यावर धुतला की रस पाण्याबरोबर जातो आणि उरलेलं पाणी भाजण्याच्या वेळी नडतं. सत्तुराने ओंडक्यावर हाताने कापून देणारा खाटीक मिळाला तर सोन्याहून पिवळं, कण असमान राहतात आणि चावायला काही उरतं. या संशयाला एक शास्त्रीय बाजूही आहे आणि ती जास्त गंभीर. जंतू मांसाच्या पृष्ठभागावर असतात. पृष्ठभाग दहापट झाला की त्यांना वावही तितकाच वाढतो, आणि बाहेरचं आत मिसळलं जातं. १९९३ मध्ये अमेरिकेत अर्धकच्च्या खिम्याच्या बर्गरमधून ई. कोलाय जंतूंची मोठी साथ पसरली आणि त्यात मुलं दगावली. तिथे अखंड तुकड्याला ६३ अंश पुरेसे मानतात, खिम्याला मात्र ७१ अंश सांगतात, ते याच कारणाने. आपला खिमा पंधरा-वीस मिनिटं रटरटतो, त्यामुळे शिजण्याची चिंता नाही. चिंता असते ती आधीच्या साठवणीची. फ्रिजच्या साध्या कप्प्यात खिमा एक-दोन दिवसांपलीकडे ठेवू नये. म्हणजे रविवारी घेतलेला खिमा बुधवारपर्यंत तिथे टिकत नाही; तो बर्फाच्या कप्प्यातच हवा. ठेवताना गोळा न करता पिशवीत घालून बोटाएवढ्या जाडीचा चपटा पसरावा. जाडीच्या वर्गाचा तो नियम इथेही लागू पडतो: चपटी पिशवी थंड पाण्याच्या परातीत अर्ध्या-पाऊण तासात सैल होते, गोळा रात्र झाली तरी दगडच असतो. ज्या गावात दिवसातून चार-सहा तास वीज जाते तिथे मात्र साठवणीचा नाद सोडून बुधवारी येता येताच पाव-अर्धा किलो आणावा.

तिसरं म्हणणं असं की मधल्या वारी मटण ही आपली रीत नाही, हा शहरी चोचला. हे ऐकायला परंपरेचं वाटतं, पण परंपरा तसं सांगत नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकघराची तपशीलवार नोंद आहे. मांसाच्या पातळ पट्ट्या कापून उन्हात वाळवून ठेवायच्या चान्या त्यात आहेत. मांस मिळालं त्या दिवशीच संपवून टाकायचं नाही, ते पुढच्या कोरड्या दिवसांत थोडं थोडं पुरवायचं, ही हिशेबी अक्कल त्यामागे आहे. आठवडी बाजारात सुकट-बोंबलाच्या पाट्या बसतात त्याही मधल्या वारांसाठीच. आणि नळदुर्ग, परंडा यांसारख्या किल्ल्यांच्या गावांत शतकानुशतकं नांदलेल्या मुस्लिम घरांत आलू-खिमा हा साधा, कुठल्याही दिवशीचा पदार्थ आहे. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि हैदराबादेत खिचडीबरोबर खिमा सकाळच्या न्याहारीलाही चालतो. म्हणजे नवं काही शोधायचं नाही. एका आळीत रोज शिजणारी गोष्ट दुसऱ्या आळीत सणासुदीपुरतीच राहिली, यामागे मटणाचा गुण कमी आणि आपल्या शेजारपाजाराचं अंतर जास्त आहे.

प्रकृतीचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. लाल मांस बेतानं खावं हे खरं. जागतिक कर्करोग संशोधन निधीने आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. रविवारचं आणि बुधवारचं मिळून माणशी पावणेदोनशे ग्रॅम कच्चं मांस होतं, शिजल्यावर आणखी कमी. म्हणजे आपण त्या रेषेच्या बरेच अलीकडे आहोत. उलट महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं आहे. मांसातलं लोह शरीर सहज उचलतं, आणि ताटात मांस असलं की भाकरीतलं लोहही जास्त शोषलं जातं. त्यामुळे आठवड्यात एकदा भरपूर खाण्यापेक्षा तेच दोनदा विभागून खाणं लोहाच्या दृष्टीने फायद्याचं. अट एवढीच, की पातेल्यातला खिमा घरातल्या बायकांच्या ताटातही त्याच मापाने पडला पाहिजे. रश्शातून बोटी शोधून पुरुषांना वाढण्याची जी सवय आहे, ती खिम्यात आपोआप मोडते, कारण निवडून काढायला बोटी नसतेच.

एक व्यवहारी गोष्ट राहिली. दुसऱ्या दिवशी गुरुवार. ज्या घरात तो पाळतात तिथे उरलेला खिमा कोणी खाणार नाही, आणि शुक्रवार पुन्हा देवीचाच. म्हणून माप वर सांगितलं तेवढंच धरावं आणि कोणी पाहुणा आला तर खिमा न वाढवता बटाटा वाढवावा. पाचशे ग्रॅमपर्यंत चव हलत नाही. ज्या घरात मटण चालतच नाही त्यांच्यासाठीही ही रीत तशीच वापरता येते. सोयाबीन या जिल्ह्याचं मोठं पीक आहे, आणि सोयावडी गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, सुरीने बारीक केली की खिम्याच्या जागी बसते. तिच्यात चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे तेल आणखी चमचाभर, आणि भाजताना पाणी सुटायची भीती नसल्याने मीठ सुरुवातीलाच घातलं तरी चालतं. बाकी टोमॅटो शेवटी, येसर त्याच्याबरोबर.